बाथरूमचा पंखा इंचांत मोजू नये

विजेच्या सामानाच्या दुकानात बाथरूमसाठी एक्झॉस्ट मागितला की पहिला प्रश्न येतो, 'सहा इंची देऊ की आठ इंची?' फरक विचारला तर उत्तर ठरलेलं असतं: आठ इंची जास्त ओढतो. मग भिंतीत किंवा खिडकीच्या काचेत भोक किती मोठं पाडता येईल, एवढाच हिशेब उरतो. हे झालं रूढ मत. दुसरं मत जरा शिकलेल्यांचं. ते इंचांना हसतात आणि अमेरिकेतून आलेलं सूत्र पुढे करतात: जमिनीच्या एका चौरस फुटामागे मिनिटाला एक घनफूट हवा, किंवा तासाला आठ वेळा हवाबदल. गुणाकार करायचा, येणारा आकडा पंख्याच्या खोक्यावर शोधायचा, तेवढा किंवा त्याहून मोठा दिसला की पंखा घ्यायचा. हे दोन पक्ष एरवी एकमेकांना मोजत नाहीत, पण एका मुद्द्यावर त्यांची गट्टी आहे. शंका आली तर मोठा घ्यावा, मोठ्याने नुकसान काही नाही, असं दोघंही म्हणतात.

मला हे मान्य नाही. बाथरूममधून तासाला किती हवा बाहेर जाईल हे पंखा एकटा ठरवत नाही. हवा आत येण्याची फट, बाहेर जाण्याचा पाइप आणि त्या पाइपाचं तोंड जिथे उघडतं ती जागा, या तिघांचं त्यात जास्त चालतं. म्हणून पंखा निवडण्याचं काम सगळ्यात शेवटी यावं. शिवाय आपल्या ओल्या बाथरूममध्ये, त्यातही कोकणच्या पावसाळ्यात, पंखा केवढा आहे यापेक्षा तो किती वेळ चालतो याला जास्त किंमत आहे. आणि मोठ्या पंख्याने नुकसान होतं, ते किलोवॅटमध्ये मोजून दाखवता येतं.

आधी सूत्रवाल्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण त्यांचं सूत्र खुळं नाही. अमेरिकेतल्या होम व्हेंटिलेटिंग इन्स्टिट्यूटची शिफारस अशी, की १०० चौरस फुटांपर्यंतच्या बाथरूमला चौरस फुटामागे मिनिटाला एक घनफूट हवा काढावी, पण ५० घनफुटांच्या खाली जाऊ नये. अ‍ॅशरे या संस्थेचं ६२.२ क्रमांकाचं मानकही लागेल तेव्हा चालणाऱ्या पंख्याला मिनिटाला ५० घनफूट आणि अखंड चालणाऱ्याला २० घनफूट सांगतं. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत बाथरूमसाठी तासाला ६ ते १० हवाबदल दिलेले आहेत. आता आपल्याकडच्या फ्लॅटमधलं नेहमीचं बाथरूम घ्या: पाच फूट बाय सात फूट, उंची नऊ फूट. आकारमान ३१५ घनफूट, म्हणजे नऊ घनमीटरला थोडं कमी. दहा हवाबदल धरले तर तासाला साधारण ९० घनमीटर हवा काढावी लागेल. अमेरिकन किमान ५० घनफूट म्हणजे तासाला ८५ घनमीटर. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन पोचतात.

यातून एक गोष्ट निघते, तिच्याकडे सूत्रवाले बघत नाहीत. ५० चौरस फुटांपर्यंतच्या सगळ्या बाथरूमना तोच किमान आकडा लागू होतो. म्हणजे मुंबई-पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटांसाठी गणित करण्याआधीच उत्तर ठरलेलं आहे: तासाला ८५ ते ९० घनमीटर. बाजारातल्या साध्या सहा इंची पंख्याच्या खोक्यावर २५० घनमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला असतो. गरजेच्या जवळजवळ तिप्पट. मग असा पंखा लावलेल्या बाथरूमच्याही छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी का धरते? अंघोळीनंतर अर्धा तास आरसा धुरकटच का राहतो? 'अजून मोठा लावा' हे याचं उत्तर असू शकत नाही.

खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पंख्याच्या पुढे पाइप नाही, मागे बंद दार नाही, कसलाच अडथळा नाही, अशा स्थितीत तो जेवढी हवा हलवेल तेवढी. अमेरिकेत पंख्याची क्षमता निदान २५ पास्कल दाबाशी झगडताना मोजून छापण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे खोक्यावर दाबाचा उल्लेख बहुधा नसतो. त्यात पात्यांचा साधा प्रोपेलर पंखा हा दाबाच्या बाबतीत फार दुबळा प्राणी आहे. घरगुती सहा इंची पंख्याचा जोर साधारण तीस-चाळीस पास्कलांत संपतो. त्यापुढे पाती फिरतात, आवाज वाढतो, आणि हवा तिथल्या तिथे घुसळत राहते.

आता पाइपाकडे येऊ. नळातून वाहणाऱ्या द्रवाचा दाब किती खर्ची पडतो याचं सूत्र युलियुस वाइसबाख या जर्मन प्राध्यापकाने १८४५ साली मांडलं, आणि फ्रान्समधल्या दीजों शहराला नळाचं पाणी देणाऱ्या आंरी डार्सी या अभियंत्याने १८५७ साली त्याला प्रयोगांचा आधार दिला. हवेलाही तेच लागू पडतं. त्यातलं आपल्या कामाचं एवढंच: हवा दुप्पट हवी असेल तर दाब चौपट लागतो, आणि तेवढीच हवा अरुंद पाइपातून न्यायची असेल तर घर्षणाचा खर्च व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. चार इंचांऐवजी तीन इंची पाइप टाकला तर घर्षण चौपटीहून जास्त होतं. ऐकायला एका इंचाची काटकसर वाटते.

तीन मीटर पाइप, दोन काटकोनी बेंड, आणि तासाला ९० घनमीटर हवा असं धरून मी ढोबळ हिशेब केला. १०० मिलिमीटर व्यासाच्या गुळगुळीत पाइपात सुमारे २५ पास्कल खर्च होतात. ७५ मिलिमीटरच्या पाइपात ८०. १५० मिलिमीटरच्या पाइपात जेमतेम ५. हे आकडे पाइपाच्या तोंडावरची झडप न धरता काढलेत. तिचा भार वेगळा. खोक्यावर छापलेले २५० घनमीटर त्याच १०० मिलिमीटर पाइपातून काढायचे म्हटले तर १८० पास्कलांच्या वर दाब लागेल. घरगुती प्रोपेलर पंख्याच्या हे स्वप्नातही नाही.

फॉल्स सीलिंगमध्ये दडवलेल्या पन्हाळीदार अ‍ॅल्युमिनियमच्या लवचीक पाइपाची कथा याहून वाईट. तो पूर्ण ताणून बसवला तरच त्याचा अडथळा सहन करण्याजोगा राहतो. उरलेला पाइप कापायचा कंटाळा म्हणून तो गोळा करून आत कोंबला की अडथळा अनेक पटींनी वाढतो. काही ठिकाणी तर पाइपच नसतो. पंखा फॉल्स सीलिंगच्या तक्त्यात बसवलेला, वर नुसती पोकळी, आणि तिथे वरच्या मजल्याचे सांडपाण्याचे पाइप. अशा पंख्याने बाथरूमची वाफ बाथरूमच्याच माळ्यावर साठते आणि जिप्सम बोर्ड फुगतो. कंत्राटदाराने वायर जोडून पंखा फिरवून दाखवलेला असतो, मालकाने मान डोलावलेली असते.

आणि तरीही पाइप हा अर्धाच भाग आहे. बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी. गोडेतेलाचा डबा फोडताना घरातली मंडळी एक भोक पाडून थांबत नाहीत, समोर दुसरं पाडतात, मगच धार नीट लागते. बाथरूमचं दुसरं भोक म्हणजे दाराखालची फट. ती आपण प्रयत्नपूर्वक बुजवतो. ग्रॅनाइटचा उंबरा, त्यावर टेकणारा पीव्हीसीचा दरवाजा, पाणी बाहेर येऊ नये म्हणून खाली रबराची पट्टी. साधारण सव्वादोन फुटी दाराखाली १० मिलिमीटर फट असेल तर ९० घनमीटर हवा आत घ्यायला सुमारे २० पास्कल लागतात. ५ मिलिमीटर असेल तर ८५ पास्कल. २० मिलिमीटर असेल तर फक्त ५. इथेही तोच वर्गाचा नियम: फट दुप्पट करा, दाब चौथाईवर येतो.

आता दोन्ही बाजू एकत्र ठेवा. सहा इंची पंखा मोकळ्या हवेत २५० घनमीटर देतो आणि ४० पास्कलला थांबतो, मधला उतार सरळ रेषेत, असं समजू. खरा पंखा याहून वाईट वागतो, पण हिशेबाला एवढं पुरे. ७५ मिलिमीटरचा पाइप आणि ५ मिलिमीटरची फट असेल तर हा पंखा प्रत्यक्षात तासाला सुमारे ४० घनमीटर हवा काढतो. खोक्यावर २५०, भिंतीपलीकडे ४०. आता दुकानदाराचा सल्ला मानून आठ इंची आणा. तो मोकळ्या हवेत ५०० घनमीटर देतो आणि ५० पास्कलपर्यंत तग धरतो असं धरू. त्याच पाइपावर, त्याच दारामागे तो देईल सुमारे ४७. पंख्याची क्षमता दुप्पट, वीज जास्त, आवाज जास्त, आणि हवा फक्त सात घनमीटर जास्त. याउलट जुना सहा इंचीच ठेवा, पाइप १०० मिलिमीटरचा करा आणि दाराखाली २० मिलिमीटर फट सोडा. हवा होते सुमारे ८५ घनमीटर, दुपटीहून जास्त. पाइप आणि करवतीचा खर्च मोठ्या पंख्याहून जास्त येत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत पाइप असतोच कुठे? पंखा थेट खिडकीच्या लूव्हरमध्ये बसवलेला असतो, दोन-तीन काचा काढून. तिथे हे पास्कलांचं पुराण कशाला? आक्षेप अर्धा खरा. पाइप नसला की अडथळा खूप कमी होतो, आणि सहा इंची प्रोपेलर तिथे शोभतो. पण लूव्हरच्या उरलेल्या काचा तिरक्या उघड्याच राहतात. पंख्याला सगळ्यात सोपी हवा मिळते ती वीतभर अंतरावरच्या त्या फटींतून. बाहेरची हवा खिडकीतून आत येते आणि लगेच पंख्यातून बाहेर जाते. शॉवरखालची वाफ आपली जागच्या जागी. पंख्यासमोर टिश्यू पेपर धरला तर तो छान चिकटतो आणि मालक खूश होतो. त्या कागदाने एवढंच कळतं की पंखा कुठून तरी हवा ओढतोय, कुठून ते नाही. परीक्षा घ्यायची तर उदबत्ती लावून दाराखालच्या फटीपाशी धरावी. धूर ठामपणे आत वळला तर हवा खोलीतून जाते आहे. तो नुसता डुलत राहिला तर पंखा खिडकीचीच हवा खिडकीला परत देतोय. उपाय साधा आहे: पंखा चालू असताना पंख्याजवळच्या काचा बंद, किंवा कायमच्या सिलिकॉनने बुजवलेल्या. खिडकी उघडी आणि पंखाही चालू, म्हणजे दुप्पट वारा, ही समजूत घरोघर आहे आणि घरोघर चुकीची आहे.

मुंबईच्या इमारतींत ही खिडकी बहुधा डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या उभ्या पोकळीत उघडते. इमारतीची उंची वाढेल तसा डक्टचा आकार वाढला पाहिजे असं नियम सांगतात, कारण त्या विहिरीत वारा शिरत नाही आणि वर जाणारी ऊब हीच काय ती ओढ. त्यात सकाळी सात ते नऊ दहा मजल्यांचे पंखे एकदम सुरू होतात. प्रत्येक जण आपली वाफ डक्टमध्ये ढकलतो, आणि ज्याचा पंखा बंद व खिडकी उघडी त्याच्याकडे ती पाहुणी म्हणून जाते. इथे मोठा पंखा लावणं म्हणजे शेजाऱ्याशी अबोला धरण्याची तयारी. डक्टमध्ये हवा सोडणाऱ्या प्रत्येक पंख्याला उलट येणारी हवा रोखणारी झडप हवी, आणि ती वर्षातून एकदा तरी पुसायला हवी. धुळीने जड झालेली झडप पूर्ण उघडत नाही, आणि तेही पंख्याच्याच खात्यावर पडतं.

'एक्झॉस्ट लावल्यापासून गटाराचा वास जास्त येतो' अशी तक्रार करणारे पंखा नहाणी ट्रॅपमधलं पाणी शोषून घेतो असं सांगतात. हे होऊ शकत नाही. ट्रॅपमधला ५० मिलिमीटर पाण्याचा अडसर ओलांडायला जवळपास ४९० पास्कल लागतात, आपला पंखा तीस-चाळिसांत दमतो. पण तक्रार खोटी नाही. पाहुण्यांच्या बाथरूममधला ट्रॅप महिनोन्‌महिने वापराविना सुकलेला असतो, किंवा बेसिनचा पाइप भिंतीत जिथे शिरतो तिथली फट उघडी असते. दार घट्ट, बाहेरून हवा येईना, म्हणून पंखा ती हवा अशा भोकांतून ओढून घेतो. मोठा पंखा जास्त ओढतो. इलाज पुन्हा दाराखालीच आहे, आणि सुकलेल्या ट्रॅपात तांब्याभर पाणी ओतण्यात.

आता मी हवाबदलाच्या सूत्रावर येतो, कारण त्याचा खरा दोष मला इथे दिसतो. तासाला आठ हवाबदल म्हणजे साडेसात मिनिटांत सगळी हवा नवी, असा समज होतो. तसं घडत नाही. येणारी हवा जुन्या हवेत मिसळते आणि मिसळलेली बाहेर जाते. एका हवाबदलानंतर जुन्या हवेचा ३७ टक्के भाग आतच असतो. तीन हवाबदलांनंतर, म्हणजे साडेबावीस मिनिटांनी, तो ५ टक्क्यांवर येतो. आपल्याकडे पंख्याचं बटण बहुतेक वेळा दिव्याच्या बटणालाच जोडलेलं असतं, किंवा शेजारी असलं तरी दोन्ही एकाच बोटाने बंद होतात. अंघोळ संपली, माणूस बाहेर, पंखा बंद. वाफ सगळ्यात जास्त असते नेमकी तेव्हा.

आणि हे झालं फक्त हवेतल्या वाफेचं. अमेरिकन बाथरूमची जमीन कोरडी असते, ओलं काय ते टबात किंवा काचेच्या खोक्यात. आपली अंघोळ जमिनीवर होते, तांब्या-बादलीची असो की शॉवरची, आणि वर कुणी तरी रोज फरशी धुतंही. पस्तीस चौरस फूट फरशीवर पाणी पाव मिलिमीटरपेक्षाही पातळ, ०.२ मिलिमीटर थराचं राहिलं तरी ते साडेसहाशे ग्रॅम भरतं. भिंतींवरचं वेगळं. हे पाणी बाहेर काढायचं काम सूत्राच्या डोळ्यासमोर कधी नव्हतंच.

ते काम किती अवघड, हे बाहेरच्या हवेवर ठरतं. जुलैतल्या मुंबईची हवा घ्या: २७ अंश, ८५ टक्के आर्द्रता. तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये जवळपास २२ ग्रॅम पाणी आधीच असतं. अंघोळ चालू असताना आतली हवा ३२ अंशांवर वाफेने भरलेली असते, तिच्यात ३४ ग्रॅम. तेव्हा पंखा प्रत्येक घनमीटरमागे १२ ग्रॅम पाणी बाहेर नेतो, उत्तम. पण अर्ध्या तासाने बाथरूम २७ अंशांवर आलं, की पूर्ण संपृक्त हवासुद्धा २६ ग्रॅमच धरू शकते. आता फरक फक्त ४ ग्रॅमचा. तासाला ९० घनमीटर हवा, प्रत्येक घनमीटर फरशीवरून पूर्ण तृप्त होऊन गेला असं उदारपणे मानलं, तरी तासाला ३६० ग्रॅम. एकट्या फरशीला पावणेदोन तास, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. तेच पाणी वायपरने एका मिनिटात ट्रॅपमध्ये जातं. पावसाळ्यातला सगळ्यात परिणामकारक एक्झॉस्ट म्हणजे दाराआड उभा असलेला वायपर, आणि हे मी गमतीने म्हणत नाही.

डिसेंबरातल्या नागपूरचं गणित निराळं. बाहेर २० अंश आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर घनमीटरमध्ये ७ ग्रॅमच पाणी. बाथरूम २२ अंशांवर असलं तर संपृक्त हवा १९ ग्रॅम धरते. फरक १२ ग्रॅम, मुंबईच्या तिप्पट. तोच पंखा, तोच पाइप, आणि बाथरूम तीनपट वेगाने कोरडं. एकच हवाबदलाचा आकडा रत्नागिरीलाही आणि नागपूरलाही चालवणारं सूत्र कोरडेपणाबद्दल काही सांगत नाही. ते फार तर दुर्गंधीबद्दल सांगतं. दुर्गंधीसाठी ते ठीकच आहे.

म्हणून माझा कल लहान पंखा आणि मोठा वेळ यांकडे आहे. अ‍ॅशरेने अखंड चालणाऱ्या पंख्यासाठी दिलेले मिनिटाला २० घनफूट म्हणजे तासाला ३४ घनमीटर. किरकोळ वाटतात. पण चोवीस तासांत ते ८०० घनमीटरच्या वर जातात. खोक्यावरचे २५० घनमीटर खरोखर मिळाले असं मानलं आणि तो पंखा दिवसातून वीस मिनिटं चालवला, तर ८३. दहापट फरक. शिवाय पंख्याचा वेग अर्धा केला की हवा अर्धी होते पण वीज साधारण आठव्या हिश्शावर येते, आणि आवाज इतका उतरतो की तो चालू आहे हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. आवाजाचा मुद्दा चैनीचा नाही. गुरगुरणारा पंखा माणूस पहिल्या संधीला बंद करतो.

'मोठ्याने नुकसान नाही' या विधानाचा समाचार आता घेता येईल. बेडरूमला जोडलेलं बाथरूम, बेडरूममध्ये एक टनाचा एसी, मे महिना. समजा सगळे अडथळे दूर केले आणि मोठ्या पंख्याने खरोखर तासाला २५० घनमीटर हवा काढली. ती येणार बेडरूममधून. दहा बाय बारा फुटांच्या, साडेनऊ फूट उंच खोलीत हवा असते ३२ घनमीटर. म्हणजे तासाला जवळपास आठ वेळा ती खोली रिकामी होणार आणि खिडक्यादारांच्या फटींतून बाहेरची हवा आत येणार. बाहेर ३३ अंश आणि ६० टक्के आर्द्रता, आत २५ अंश आणि ५० टक्के, असं धरलं तर त्या हवेला थंड आणि कोरडं करायला सुमारे अडीच किलोवॅट लागतात. एक टनाचा एसी देतो साडेतीन. सत्तर टक्के एसी बाथरूमच्या भोकातून गेला. ९० घनमीटरला हाच खर्च ०.९ किलोवॅट, आणि अखंड ३४ घनमीटरला त्याच्याही तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. मोठ्या पंख्याचं बिल विजेच्या मीटरवर एसीच्या नावाने येतं, म्हणून ते कुणाला दिसत नाही.

एक गैरसमज मात्र जिवावर बेतणारा आहे, त्याच्याशी वाद घालताना आकडेमोडीची मजा नको. गॅस गिझर बाथरूममध्ये असला तरी एक्झॉस्ट आहे ना, मग चिंता नाही, असं म्हणणारी माणसं आजही भेटतात. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर बारा किलोवॅटच्या आसपास उष्णता जाळतो. त्यासाठी तासाला साधारण एक किलो एलपीजी, आणि एक किलोला किमान तेरा घनमीटर हवा. दहा मिनिटांच्या अंघोळीत नऊ घनमीटरच्या बंद खोलीतली दोन घनमीटर हवा तो खाऊन टाकतो आणि त्याचं उत्सर्जन तिथेच सोडतो. प्राणवायू घटला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. पंखा बंद राहिलेला असू शकतो, वीज गेलेली असू शकते, दाराची फट बुजलेली असू शकते, आणि वर दाखवल्याप्रमाणे चालू असलेला पंखाही खोक्याच्या सहाव्या हिश्शाने काम करत असू शकतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवायचा. याला पंखा हा पर्याय कुठल्याच आकारात नाही.

मग करायचं काय? काम उलट्या टोकाने सुरू करावं. हवा बाहेर नेमकी कुठे पडणार ते आधी ठरवावं: बाहेरची भिंत मिळत असेल तर तीच, नाही तर डक्ट, फॉल्स सीलिंगची पोकळी कधीच नाही. तिथपर्यंतची सगळ्यात सरळ वाट काढावी. भिंत थेट बाहेरची असेल तर पाइपाची भानगडच नको. सहा इंची प्रोपेलर भिंतीत, नियंत्रकावर हळू चालवलेला, उत्तम. पाइप लागणारच असेल तर आपल्या बाजारात सांडपाण्यासाठी मिळणारा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप या कामाला चांगला आहे. आतून गुळगुळीत, चेपत नाही, जोड घट्ट. त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा, म्हणजे आत जमलेलं पाणी पंख्यावर टपकणार नाही. काटकोनी बेंडऐवजी ४५ अंशांचे दोन घ्यावेत; अ‍ॅशरेच्या जुन्या तक्त्यात एका एल्बोसाठी पंधरा फूट लांबी वजा करायला सांगितली होती, यावरून बेंड किती महाग पडतो ते कळावं. तीन मीटरच्या पुढे पाइप गेला तर प्रोपेलर विसरावा. तिथे पाइपात बसणारा मिक्स्ड-फ्लो किंवा सेंट्रिफ्यूगल पंखा लागतो, आणि तो घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: पन्नास पास्कलला किती हवा देतो? उत्तर ९० घनमीटरच्या आसपास असलं तर बोलणं पुढे न्यावं. कुठल्या दाबाला किती हवा मिळते याचा वक्र ज्याच्यासाठी दाखवता येत नसेल तो पंखा घेऊ नये.

पंखा बसवावा शॉवरच्या बाजूला, दारापासून लांब, छताजवळ, म्हणजे दाराखालून शिरलेली हवा सगळ्या फरशीवरून जाऊन मगच त्याच्यापाशी पोचेल. बटण दिव्यापासून वेगळं, आणि जमलं तर टायमर: अंघोळीनंतर कोरड्या प्रदेशात अर्धा तास, कोकणात पावसाळाभर मंद गतीवर अखंड. बसवून झाल्यावर पडताळा घ्यायचा असेल, आणि पाइपाचं बाहेरचं तोंड हाताला सुरक्षितपणे लागत असेल, तर साठ लिटरची कचऱ्याची पिशवी चपटी करून त्यावर धरावी. ती अडीच सेकंदांच्या आसपास फुगली तर तासाला ९० घनमीटर मिळताहेत. सहा सेकंद लागले तर ३६. मग दार उघडून पुन्हा बघावं. दार उघडताच पिशवी झपाट्याने फुगली तर दोष पंख्याचा नाही.

ही परीक्षा नको असेल तर निदान एवढं करा: नवा पंखा आणण्याआधी बाथरूमच्या दाराखाली करंगळी घालून पाहा. ती शिरत नसेल तर पंख्यासाठी काढलेल्या पैशांतून आधी सुताराला बोलवा. लाकडी दरवाजा खालून पाऊण इंच कापून घ्या, आणि पीव्हीसीचा पोकळ दरवाजा असेल तर त्याच्या खालच्या भागात जाळी बसवून घ्या.